शराफियात ऐकलेला एक शब्द

सौदीहून परत आल्यापासून जो भेटतो तो मला दोन प्रश्न विचारतो. बुरखा घालावा लागला का, आणि खजूर आणले का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण ते संपले. एवढं सांगून मी मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. धाकट्या भावाने तिकीट पाठवलं, महिनाभर राहिले, वाळू पाहिली, ताइफचे गुलाब हुंगले, आले. पण त्या महिन्यात माझी गाठ एका युद्धाशी पडली आणि ते युद्ध सौदीत नव्हतंच. ते तिकडे युक्रेनमध्ये चाललं होतं. मला ते भेटलं जेद्दातल्या एका स्वयंपाकघरात, भाकरी भाजताना.

रियाध

माझा भाऊ संजय रियाधच्या एका बँकेत संगणकाची कामं बघतो. घर ऐसपैस, पण खिडक्या कायम बंद. मी आल्या आल्या त्या उघडायच्या आणि वहिनीने मागून येऊन लावून घ्यायच्या, असा आमचा काही दिवस खेळ चालला. मग एका दुपारी मी तिचं न ऐकता माझ्या सुती साड्या बाल्कनीत वाळत घातल्या आणि धुळीचं वादळ आलं. समोरची इमारत दिसेनाशी झाली. साड्या आत आणल्या तेव्हा पांढरी कुठली आणि पिवळी कुठली ते ओळखू येईना. वहिनी नुसती हसली, आणि ते मला जास्त लागलं.

शुक्रवारी संजयचे दोन मित्र जेवायला आले, एक पुण्याचा आणि एक नागपूरचा. हॉटेलातून कब्सा मागवला होता. मसाल्याचा भात आणि त्यावर अख्खी कोंबडी, भल्यामोठ्या ताटात. अरबी घरात सगळे त्या एका ताटाभोवती बसतात आणि हाताने जेवतात. आपली मंडळी ताटाभोवती बसली खरी, पण प्रत्येकाने चमच्याने आपापला वाटा वेगळ्या बशीत काढून घेतला, आणि सोबत वहिनीची आमटी लागलीच.

टीव्हीवर बातमी आली की पाश्चात्त्य देशांनी युक्रेनला आणखी लष्करी मदत जाहीर केली आहे. झालं, दोघे पेटले. पुणेकराचं म्हणणं, हे शस्त्रं पुरवतात म्हणून युद्ध संपत नाही. नागपूरकराचं म्हणणं, पुरवली नाहीत तर एक देश नकाशावरून पुसला जाईल. दोघांनी पुराव्यादाखल फोन बाहेर काढले. गंमत म्हणजे दोघांकडे एकाच जळत्या रणगाड्याचा व्हिडिओ होता. एकाच्या फोनवर तो पाश्चात्त्यांनी दिलेला होता, दुसऱ्याच्या फोनवर तो रशियाचा होता. रणगाडा तोच, धूर तोच, मागचं संगीत तेवढं वेगळं.

माझा भाचा ईशान सोफ्यावर लोळत होता. त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "आत्या, दोन्ही फेक आहेत. ये तो गेम का क्लिप है."

आम्ही खूप हसलो. मीही हसले. ताटातला भात संपेपर्यंत ते दोघे त्याच रणगाड्यावरून भांडत राहिले आणि जाताना एकमेकांना मिठी मारून गेले.

जेद्दा, शराफिया

जेद्दाला उतरले आणि अंगाला घाम चिकटला तेव्हा मला बरं वाटलं. दमट, खारट हवा. आमच्या श्रीवर्धनकडची वाटावी अशी. न्यायला रशीदभाई आले होते. आमचं माहेरचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक कुंपण आणि दोन माड एवढंच अंतर. माझे वडील शाळेत मास्तर आणि हे त्यांच्या हातचा सर्वांत जास्त मार खाल्लेले विद्यार्थी. तीस-बत्तीस वर्षांपासून जेद्दात आहेत. शराफियात एसीच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर.

शराफिया म्हणजे सौदीत उतरवलेला आपल्याकडचा बाजारपेठेचा रस्ता. मल्याळी पाट्या, उर्दू पाट्या, बिर्याणीचा वास, गावी पैसे पाठवायच्या काउंटरपुढे लागलेल्या रांगा. लोक एकमेकांशी हिंदीत बोलतात, पोलिसाशी अरबीत आणि फोनवर आपापल्या आईच्या भाषेत. रशीदभाई चालता चालता तिन्ही बोलत होते.

"सुलू, तू आलीस तं बरा झाला," ते जिन्यात म्हणाले. "भाभी हाय घरी. तिच्याशी जरा बोल. माझ्याशी बोलत नाय धड."

भाभी म्हणजे जैनबवहिनी, त्यांच्या मोठ्या भावाची विधवा. उमऱ्यासाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी, आल्या होत्या आणि परत गेल्या नव्हत्या. रशीदभाईंची बायको सुनेच्या बाळंतपणाला गावी गेलेली, त्यामुळे घर वहिनींच्या हातात होतं. मला पाहून त्यांनी पीठ लागलेले हात तसेच माझ्या गालांना लावले. ताजा मासा आणला होता, त्याला नारळाचं आटवण, म्हणजे वाटण, घातलेलं आणि सोबत तांदळाची भाकरी. मी आडवा हात मारला. त्या समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या, स्वतः जेवल्या नाहीत.

त्यांचा फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यावर मराठी बातम्या चालू होत्या. निवेदिकेने म्हटलं, "युक्रेनला आणखी मदत." वहिनींनी तव्यावरची भाकरी तशीच सोडून फोन बंद केला.

मला काहीच कळलं नाही. रशीदभाईंनी सांगितलं ते दुकानात खाली आल्यावर.

वहिनींचा एकुलता एक मुलगा आसिफ. इथेच जेद्दात एसी दुरुस्तीचं काम करायचा. कंपनी बंद पडली, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला. तेवढ्यात एका एजंटाने रशियातलं काम दाखवलं. 'आर्मी हेल्पर'. आखातात हेल्पर म्हणजे काय हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सामान उचलायचं, स्वयंपाक्याला कांदे कापून द्यायचे. तिथे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि रशियन कागद पुढे केला. आसिफने चाचाला फोन करून विचारलं की सही करू का.

"मी बोललो, कर," रशीदभाई म्हणाले. "हितं आमचा पासपोर्ट कफीलकडंच, मालकाकडंच असायचा ना इतकी वर्षं? अरबी कागद कोणी वाचला? मना वाटला, सगळीकडं असाच असतो."

त्या सहीने आसिफ सैनिक झाला. थोडं प्रशिक्षण देऊन त्याला आघाडीवर नेलं. दूतावासात अर्ज दिलेत, दिल्लीला दिलेत. काही मुलं सुटून परत आलीही आहेत, म्हणून आशा आहे. अधूनमधून त्याचा मिनिटभर फोन येतो.

"भाभीनं मना इचारलं, मदत म्हणजे चांगलीच गोष्ट ना? मग मी समजावून सांगितलं की ही जी मदत जाहीर होतंय, ती आपल्या आसिफच्या डोक्यावर पडतंय. तवापासून तिला तो शब्द ऐकवत नाय."

रियाधच्या ताटाभोवतीचं आमचं हसणं आठवून मला स्वतःचा राग आला.

संध्याकाळी वहिनींनी आपणहून फोन माझ्या हातात दिला. आसिफचा व्हिडिओ होता. कोणीतरी काढून सगळीकडे पसरवलेला, हजारोंनी पाहिलेला. गणवेश घातलेला, दाढी काढलेला, हसणारा आसिफ, मराठीतून बोलतोय. "मित्रांनो, येथे आम्हाला सर्व सुविधा उपलब्ध आहेत. भोजन उत्तम आहे. पाश्चात्त्य देशांच्या शस्त्रांना घाबरू नका, ती सर्व गंजलेली आहेत."

"माझ्या पोरानं जन्मात कधी सुविधा म्हटला नाय," वहिनी म्हणाल्या. "भोजन नाय म्हटला. कोणीतरी लिवून दिलंय त्याला. आता फुडं ऐक."

शेवटी आसिफ हात हलवतो आणि घाईघाईत म्हणतो, "आमच्या खाडीकडच्या सगळ्यांना सलाम. इकडं गाळ हाय."

आमच्या गावाच्या पोरांना शाळेसाठी खाडी ओलांडावी लागायची. ओहोटीला चालत जाता यायचं, पण तळ रोज बदलायचा. म्हणून एकाने पुढे व्हायचं. त्याला कडक वाळू लागली की तो ओरडायचा, "वाट हाय!" आणि पाय रुतायला लागला की ओरडायचा, "गाळ हाय!" मग मागच्यांनी जागचं हलायचं नाही. पुढे गेलेल्याला नंतर मोठी माणसं दोरी टाकून काढायची. त्या हाकेचा दुसरा अर्थ आमच्याकडे नाहीच.

बंदुकीच्या धाकाने लिहून दिलेलं वाचताना त्या पोराने आपल्या लोकांसाठी एवढंच घुसवलं होतं. रशियनांना कळलं नाही, त्यांच्या मराठी लिहून देणाऱ्यालाही कळलं नाही.

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "तू लिवणारी बाय हायस. कुठं लिवू नको. कोणाला बोलू नको. त्यांना समजला तं मारतील त्याला." मी शपथ घेतली. रशीदभाई दारात उभे होते. त्यांच्याकडूनही वहिनींनी शपथ घेतली होती, पहिल्याच दिवशी.

ताइफ

मन रमावं म्हणून रशीदभाईंनी मला गाडीने ताइफला नेलं. वहिनी आल्या नाहीत. हदाचा घाट चढायला लागलो की अर्ध्या तासात जेद्दाचा घाम विसरायला होतं. खाली तापलेले काळे डोंगर आणि वर थंड वारा. आपल्या घाटात हिरवळ असते आणि माकडं असतात. इथे फक्त माकडं आहेत, राखाडी केसाळ, कुत्र्याएवढी. मी वहिनींनी दिलेली सांदणं खायला गाडीचं दार उघडलं आणि एका माकडाने डबाच पळवला. रशीदभाई त्याला अरबीत शिव्या देत मागे धावले. त्या सबंध मुक्कामात मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिलं ते तेवढंच.

गुलाबाचा हंगाम होता. पहाटे तोडलेल्या पाकळ्या पोत्यांनी येतात आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यांत शिजवून त्यांचं अत्तर काढतात. वास इतका दाट की थोड्या वेळाने डोकं धरतं. बाहेर बाकावर एक गोरी बाई चहा घेत बसली होती, चाळिशीची, पायांत नर्सचे पांढरे बूट. रशीदभाईंनी सवयीने सलाम केला. तिनेही मोडक्यातोडक्या अरबीत उत्तर दिलं. जेद्दातल्या दवाखान्यात काम करते, नाव हालिना, युक्रेनची.

मला अरबी येत नाही. रशीदभाई ऐकायचे आणि मला मराठीत सांगायचे.

"हिची बहीण तिकडंच हाय. मोठ्या शहरात. मिसाईल पाडायची मिसाईल बाहेरून येतात, मदतीची. ती वेळेवर नाय आली की बहीण पोरांना घेऊन जिन्याखाली झोपतंय."

मग तिने काहीतरी विचारलं. रशीदभाईंनी ते मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिले, उत्तर जणू मी देणार होते. "ती इचारतंय, तुमच्या देशाची पोरं आमच्यावर गोळ्या झाडायला का येतात?"

मी म्हटलं, "काही नका सांगू. चला."

पण त्यांनी सांगितलं. बराच वेळ, खाली मान घालून, हातवारे न करता. त्यात आसिफचं नाव मला ऐकू आलं. हालिनाने चहाचा कप बाकावर ठेवला. तिचा चेहरा आधी दगडासारखा झाला आणि मग नुसता थकलेला. ती सावकाश बोलली आणि रशीदभाईंनी एकेक वाक्य मला दिलं. ते शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं.

"ती बोलतंय, तुम्ही मदत येते म्हणून घाबरता, मी येत नाय म्हणून घाबरते. तिला आसिफची दया येत नाय. त्याला समोर बघितलं तरी यायची नाय. तो फसला आसंल, पण तो तिच्या बहिणीच्या समोर हाय." ते थांबले. "आणि बोलतंय, ज्यांनी अजून सही केली नाय त्यांना तरी अडव. तेवढा तरी कर."

ती उठून गेली. निरोप घेतला नाही. तिने घ्यावा असं मलाही वाटलं नाही. मला तिचा राग आला होता आणि तिचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच आला होता.

परतीच्या घाटात रशीदभाईंनी माकडांकडे पाहिलंही नाही.

पुन्हा शराफिया

त्या शुक्रवारी नमाजनंतर एक तरुण बसबूशाचा बॉक्स घेऊन घरी आला. रव्याची पाकात भिजलेली ही वडी इथे आनंदाच्या प्रसंगी नेतात. इम्तियाज त्याचं नाव. गाव माणगावकडचं, डोंगरातलं. पाइप फिटर, नुकतं लग्न झालेलं. दुकानात नेहमी येणारा.

"फायनल एक्झिट मारला, चाचा," तो खुशीत म्हणाला. सौदी कायमची सोडायचा शिक्का त्याने घेतला होता. "कफीलचा हिशेब खलास. आता रशिया. रूममधले चौघं चाललोय."

वहिनी पाण्याचा पेला घेऊन येत होत्या, त्या मधेच थांबल्या.

रशीदभाई म्हणाले, "तिकडं लढाई हाय, माहीत हाय ना?"

"हेल्परला कसली लढाई? आणि चाची, तुमच्या आसिफनंच सांगितलंय की. आख्ख्या शराफियात माहीत हाय. तिकडं गाळा देतात! वर्षभर काम केलं की नागरिकत्व आणि स्वतःचा गाळा. मी तं एसी-पाइपचं दुकान टाकीन."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. डोंगरातल्या माणसाला खाडीची हाक कशी ठाऊक असणार? त्याने ऐकलं होतं, 'इकडं गाळा हाय.' आसिफने जिवावर उदार होऊन जे सांगितलं, त्याचंच आमिष झालं होतं. शराफियातली पोरं ते एकमेकांना ऐकवत होती आणि सह्या करायला निघाली होती.

रशीदभाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. नाही. अगदी किंचित, पण मी पाहिलं. त्यांच्या ओठांवर शब्दही आला, आवाज न करता. शपथ.

मी काही बोलावं का, हा विचार माझ्या मनात आला आणि मी बोलले नाही. आसिफ माझा मुलगा नव्हता.

मग रशीदभाईंनी खिशातून फोन काढला, व्हिडिओ लावला आणि शेवटचं वाक्य ऐकवलं. "काय बोलतो?"

"गाळा हाय."

"परत ऐक."

"गाळा..."

"गाळ," रशीदभाई म्हणाले. "खाडीतला गाळ. आमच्यात पुढं गेलेला पोर रुतला की मागच्यांना ओरडतो. म्हंजे तुम्ही येव नका. तो रुतलाय, इम्तियाज. तो तुला येव नको सांगतोय."

इम्तियाजने तो व्हिडिओ स्वतः पुन्हा लावला. दोनदा. मग तो खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"कोणाला बोलू नको," रशीदभाई म्हणाले. "तुझ्यापुरता ठेव."

"माझ्या रूममधल्या तिघांना?"

या प्रश्नाचं उत्तर एकच होतं आणि ते सगळ्यांना कळत होतं.

वहिनींनी पेला जमिनीवर ठेवला. "माझ्या पोराला तू विकलास, रशीद," असं म्हणून त्या आत गेल्या. मी निघेपर्यंत त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या. विमानतळावर सोडताना रशीदभाईंनी मला एवढंच विचारलं, "मास्तर असते तं काय बोलले असते?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

गाव

मी परतल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला, संजयकडून, त्याच्या रियाधच्या ग्रुपमधून. आसिफचाच, पण भोवती युक्रेनच्या झेंड्याची निळी-पिवळी चौकट, उदास संगीत आणि 'गाळ' या शब्दाभोवती लाल वर्तुळ. खाली मोठ्या अक्षरांत त्याचा अर्थ, मराठीत, हिंदीत आणि आणखी दोन भाषांत. आधी एका बाजूने त्याला वापरलं, आता दुसऱ्या बाजूने. नागपूरकर मित्राने खाली टाळ्या वाजवणारे हात टाकले होते. इम्तियाजने तिघांना सांगितलं असणार, तिघांनी आणखी कोणाला. त्यात कोणाचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर आसिफचा फोन आलेला नाही. दूतावास म्हणतो, चौकशी चालू आहे. आता त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मी हे लिहिते आहे.

वहिनी गावी परतल्या. मी माहेरी गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले आणि त्याच दिवशी इम्तियाजही आला होता, माणगावहून दोन बस बदलून. तो ओटीवर चढेना. अंगणातच उभा राहिला, चपला हातात घेऊन. मला वाटलं, वहिनी त्याला घालवून देतील. ती भीती त्यालाही होती आणि तरी तो आला होता.

वहिनी दारात आल्या. खूप वाळल्या होत्या.

"चौघांतला कोणी गेला?"

"नाय चाची. कोणीच नाय गेलो."

"आसिफचा ऐकलात तुम्ही."

त्याने मान डोलावली.

"मग वर ये," वहिनी म्हणाल्या. "जेवून जा."